सरळसाहेबांची तिरकी भिंत

बाबांच्या लेखी रेघ आणि रेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेघ ओढतात, रेषा आखतात. रेघ कुणीही ओढावी. रेषेला मात्र सुरुवात लागते, शेवट लागतो आणि मधल्या वाटेत तिने विचार बदललेला चालत नाही. घरात कुणी चुकून रेषेला रेघ म्हटलं की ते जेवता जेवता थांबून दुरुस्ती करत. आई म्हणायची, तुमच्यामुळे माझ्या कपाळावर जे उमटलंय त्याला काय म्हणायचं तेवढं एकदा सांगून ठेवा.

ते एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्यांनी योजलेल्या इमारती कागदावर आखून द्यायच्या, यात त्यांचा जन्म गेला. ऑफिसात त्यांना सगळे सरळसाहेब म्हणत. नाव रेषांवरून पडलं होतं, पण स्वभावालाही चपखल बसायचं. कुणाला खूश करायला एखादी खिडकी जरा इकडे सरकवणं त्यांना कधी जमलं नाही. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या घराचा नकाशा त्यांनीच काढला. तेव्हा मी रुसून बसले, म्हणून त्यांनी मला शब्द दिला की तू दुकान काढशील तेव्हा तुझं दुकान मी आखून देईन.

मी जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करते. टीव्हीला जोडायचे आणि कॅसेट खुपसून खेळायचे, ते. लोक माळ्यावरून धुळीसकट काढून आणतात आणि चालू झाले की माझ्यासमोर डोळे पुसतात. हा उद्योग मी इतकी वर्षं आमच्या पुढच्या खोलीत, आईच्या शिवणाच्या मशीनवर टीव्ही ठेवून केला. आईला साधी उशीची खोळ शिवायची झाली तरी आधी माझा पसारा उचलावा लागे, त्यामुळे मला दुकान मिळावं म्हणून खरे देव पाण्यात घातले होते ते तिने. शेवटी जागा मिळाली. पण तोवर बाबांच्या हाताला कंप सुटला होता.

चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले. पेन्सिल धरणं सोडूनच दिलं. ड्रॉइंग बोर्ड भिंतीकडे तोंड करून कपाटामागे गेला. डॉक्टर म्हणाले की गोळ्यांनी कंप फार वाढणार नाही, पण हात पहिल्यासारखाही होणार नाही. बाबांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून ते कशालाच नाही म्हणेनासे झाले. भाजी कुठली करू? कुठलीही. पंखा बंद करू? कर. मला याचीच जास्त भीती वाटायची. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात साहेबांसाठी एक खिडकी सरकवली नाही, तो सगळ्याला हो म्हणत बसला होता.

दुकानाची जागा कोपऱ्यावरची. दोन रस्ते तिथे एकमेकांना तिरके भेटतात, त्यामुळे दुकानाची एक लांब भिंत तिरकीच उभी आहे. आत शिरलं की खोली कुणीतरी अर्धवट दुमडून ठेवल्यासारखी वाटते. सुतार पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारी येणार होता आणि कपाटं कुठे, काउंटर कुठे, दुरुस्तीचं टेबल कुठे, हे त्याला नकाशावर हवं होतं. दादा म्हणाला, माझ्या ओळखीचा एकजण आहे, कम्प्युटरवर दुपारभरात काढून देईल. बाबा म्हणाले, "बरं होईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादाचं काही चुकत नव्हतं. त्याचं कधीच काही चुकत नाही आणि त्याचा राग वेगळा, पण तो नंतरचा. आत्ताचा राग त्या 'बरं होईल'चा होता. माझं दुकान दुसऱ्या कुणी आखलं तर बाबा पुन्हा कधीच काही आखणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. मी दादाला फोन करून म्हटलं, सुतार यायच्या आदल्या रविवारपर्यंत थांब, नकाशा बाबाच काढतील. कसा, हे त्याने विचारायच्या आत मी फोन ठेवला, कारण ते मलाही ठाऊक नव्हतं.

आधी मी त्यांना कम्प्युटरसमोर बसवलं. ही माझी घोडचूक. माऊस हातात आला आणि पडद्यावरचा बाण त्यांच्या हाताबरोबर थरथरायला लागला. कागदावर निदान कंप कागदापुरता राहतो, इथे तो मोठा होऊन सगळ्या पडद्यावर नाचत होता. बाबा दोन मिनिटं तो बाण बघत बसले. मग उठले, आत गेले आणि आईबरोबर शेंगा सोलायला लागले. त्यानंतर कम्प्युटर उघडलेला दिसला की ते खोलीतूनच निघून जात.

टीव्हीसमोर मात्र ते आपणहून बसायचे. दुरुस्त झालेल्या गेमचे पॅड तपासण्याचं काम मी त्यांना दिलं होतं, उगाच, हाताला चाळा म्हणून. चारही दिशांची बटणं एकेक करून दाबायची आणि पडद्यावरचा चौकोन हलतो का ते सांगायचं. एका सकाळी मी एका सर्किट बोर्डावर सोल्डरिंगचे डाग देत बसले होते आणि सहज वर पाहिलं. बाबांचा हात थरथरत होता. अंगठा बटणावर थरथरत होता. पण पडद्यावरचा चौकोन एक घर उजवीकडे सरकला आणि मुकाट उभा राहिला. बटण दाबलं की एक घर, नाही दाबलं तर काही नाही. मधे थरथरायला जागाच नव्हती. माझा डाग भलत्याच जागी पडला आणि तो बोर्ड मला नंतर पुन्हा दुरुस्त करावा लागला.

हेच पॅड कम्प्युटरला जोडता आले असते, हे मलाही कळतं. पण कम्प्युटरचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. तपासणीसाठी छोटे प्रोग्राम लिहून मी कोऱ्या कॅसेटमध्ये भरतेच. तेव्हा रेषा काढायचा प्रोग्रामही तसाच लिहायचा आणि बाबांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीतून हलवायचंच नाही, असं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. या जुन्या यंत्रांचं एक विचित्र दुखणं आहे. त्यांना पडद्यावर हवा तिथे ठिपका देता येत नाही. पडदा म्हणजे चौकोनी घरांची जाळी, आणि प्रत्येक घरात एक तयार चित्र बसवायचं, ज्याला आम्ही टाइल म्हणतो. बाबांना मी ठसा म्हणून सांगितलं. विटेचा एक ठसा, ढगाचा एक ठसा. विटेचा तोच ठसा जागोजाग उमटवला की तटबंदी तयार. ठशांचा डबा मात्र लहान, तो संपला की संपला. अशा यंत्राला तिरकी रेषा काढ म्हणायचं, म्हणजे रबरी शिक्के देऊन सही करायला सांगायचं. यावर उपाय एकच. रेषा ज्या घरातून जाते त्या घरासाठी एक कोरा ठसा घ्यायचा, त्यात रेषेचा तेवढाच तुकडा कोरायचा आणि तो त्या घरात बसवायचा. असं एकेक घर करत दुसऱ्या टोकाला पोहोचायचं. बाबांनी फक्त दोन टोकं दाखवायची, मधलं सगळं यंत्राने बघायचं.

तीन-चार दिवस मी त्यात बुडाले. आईने दोनदा विचारलं की दुकान होणार आहे की आता हाच संसार. पहिली तिरकी रेषा उमटली तेव्हा मी बाबांना मोठ्या थाटात बोलावलं.

"हा जिना आहे," बाबा म्हणाले.

मी समजावलं की ठिपके चौकोनी आहेत, त्यामुळे तिरकं काही काढलं की पायऱ्या दिसणारच, जरा लांब बसा म्हणजे सरळ दिसेल. ते म्हणाले, लांबून काय, सगळीच माणसंही सरळ दिसतात. पण म्हणाले आणि गेले खुर्चीत जाऊन बसायला. डोळे बारीक केले, मान कलती केली, आणि पॅड मागितला. तो इतक्या साधेपणाने मागितला की मला एकदम रडू आलं आणि मी वायर शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली गेले.

पुढचे दिवस त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. कंपामुळे बटण कधी लागोपाठ दोनदा दाबलं जाई आणि टोक एक घर पुढे जाई, म्हणून घाईने आलेलं दुसरं दाबणं यंत्राने ऐकूच नये अशी सोय मी केली. मग आडव्या रेषा जाड दिसतात अशी तक्रार आली. मग दार उघडताना फिरतं ती गोल कमान नकाशात का काढता येत नाही. मी म्हटलं, कारण हा गेम आहे, ऑफिस नाही. ते म्हणाले, आमच्या ऑफिसातही साहेब असंच काहीबाही सांगायचे. एका सकाळी ते मेजर टेप घेऊन दुकानात जायला निघाले आणि मला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. तिरकी भिंत पडद्याच्या जाळीवर दर दोन घरं पुढे आणि एक घर वर अशी बसत होती, एवढं तरी नशीब. आई म्हणाली, जेवायला तीन हाका मारायला लागतात आता, पूर्वीसारख्या. तक्रारीच्या सुरात म्हणाली, पण ताटात भजी जास्त पडली.

मग ठशांचा डबा संपला. भिंती झाल्या, काउंटर झाला, टेबल अर्धं आलं आणि यंत्राने पुढे रेषाच देईना. बाबांना वाटलं पॅड गेला. मी बसून विचार केला, तेव्हा लक्षात आलं की मी उधळपट्टी करत होते. दोन घरांतला तुकडा जर हुबेहूब सारखा असेल तर दोन ठसे कशाला, एकच दोन्हीकडे वापरावा. तसं केलं आणि डब्यात भरपूर जागा झाली. तिरक्या भिंतीला तर दोनच ठसे पुरले, आलटून पालटून तेच, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझा जीव भांड्यात पडला. ठसे वाटून घेतल्यावर आणखी एका गोष्टीची काळजी घ्यायला हवी होती, ती मात्र मी घेतली नाही.

नकाशात एक अडचण राहिली होती आणि ती यंत्राची नव्हती. तिरक्या भिंतीला कपाटं सरळ ठेवून टेकवली की मागे त्रिकोणी भोकं उरत, आणि भोकं टाळून कपाटं भिंतीसारखीच तिरकी लावली तर आत येणाऱ्याला त्यांची फक्त कड दिसे. बाबांनी कपाटं आखली, पुसली, परत आखली, आणि शेवटी ती भिंत रिकामी ठेवली. रविवार उजाडला तरी ती रिकामीच होती.

दादा आला तो बूट काढता काढताच फोन दाखवत आला. त्याच्या ओळखीचा माणूस आजची दुपार मोकळी ठेवून बसला होता. मग त्याने टीव्हीकडे पाहिलं आणि फोन खाली केला. पडद्यावर दुकान होतं. जाड ठिपक्यांचं, पायऱ्यापायऱ्यांचं, पण बाबांचं, हे कुणीही ओळखलं असतं. दादा म्हणाला, छानच आहे, पण ती लांब भिंत? बाबा म्हणाले, तिथलं बघतोय अजून. काउंटर त्या भिंतीशी कुठे संपतो तेवढी खूण करून ठेवावी म्हणून त्यांनी भिंतीवरच एक टोक धरलं, जरा बाजूला दुसरं धरलं आणि बटण दाबलं.

खूण उमटली. पण एक नाही. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक घर सोडून एक, प्रत्येक ठिकाणी तीच छोटी खूण झटक्यात उभी राहिली.

मला लगेच कळलं काय झालं ते. त्या भिंतीत एक घर सोडून एक तोच ठसा होता. एका जागी त्यात काही कोरलं, की जिथे जिथे तो बसवलाय तिथे ते दिसणारच. कोरण्याआधी वेगळी नक्कल घ्यायला हवी होती. कोऱ्या घरांच्या बाबतीत मी ते ध्यानात ठेवलं होतं, भिंतींच्या बाबतीत साफ विसरले. इतक्या दिवसांची मेहनत, आणि नेमकी दादासमोर अशी शोभा. बाबांचे हात मांडीवर आले. दादा हळू आवाजात म्हणाला, "मी त्याला फोन करतो." त्याच्या आवाजात दया होती आणि ती मला सोसेना. पॅड घेऊन निदान ते पुसून टाकावं म्हणून मी हात पुढे केला.

"नाही," बाबा म्हणाले. "हात लावू नकोस."

त्यांनी पॅड छातीशी धरला होता. किती महिन्यांनी ते कशाला तरी नाही म्हणाले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात झारा तसाच. बाबा खुर्ची मागे सरकवून पडद्याकडे बघत राहिले, डोळे बारीक करून, मान कलती करून. मग त्यांनी दादाला टीव्हीसमोरून बाजूला व्हायला सांगितलं.

"मी कपाट टेकवत होतो," ते म्हणाले, सावकाश, स्वतःशी बोलल्यासारखे. "म्हणून मागे भोक राहत होतं. कपाट नकोच इथे. या प्रत्येक खुणेशी एक फळी उभी करायची, दाराकडे तोंड करून. एकापुढे एक पायऱ्या आल्यासारखे कप्पे होतील. आत पाऊल टाकलं की सगळे समोर. हिचे सगळे खेळ एका नजरेत दिसतील."

दादाने हवेत बोटाने एकेक फळी मोजली. त्याला ते पटलेलं दिसत होतं, पण शंका काढल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. "पण बाबा, ही तर प्रोग्रामची चूक आहे ना?"

"चूक हिची," बाबा म्हणाले. "कप्पे माझे."

दादा हसला. मग फोन उचलला, आणि त्या माणसाला सांगितलं की दुपार तुझी तू घे, आमच्याकडे ड्राफ्ट्समन आहे. मी त्याला कधी मिठी मारत नाही, त्या दिवशी मारली, आणि तो इतका गोंधळला की त्याने माझ्या पाठीवर ऑफिसातल्यासारखं थोपटलं.

आहे त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून भागलं असतं. बाबा ऐकायला तयार नव्हते. चुकून उमटलेलं सुताराच्या हातात द्यायचं नाही, म्हणाले, तू यंत्र नीट कर, मी पहिल्यापासून काढतो. मी दुरुस्ती करेपर्यंत त्यांनी जेवण उरकलं, आणि मग भिंतीपासून सुरुवात करून सगळं दुकान नव्याने आखलं. या वेळी प्रत्येक फळी त्यांनी स्वतः उभी केली, एकेक टोक धरून, एकेक बटण दाबून. दादा मांडी घालून खाली बसला होता आणि कागदावरची मापं वाचून सांगत होता. दोघांचं काउंटरच्या उंचीवरून वाजलंही. आईने मला खुणेने आत बोलावलं आणि म्हणाली, ऐकतेस ना, भांडतायत. तिचा चेहरा इतका फुलला होता की मी झाऱ्यातलं एक भजं उचललं तरी तिने हातावर मारलं नाही.

सोमवारी सुतार आला. फोटो छापून घेतलेला कागद त्याने दोनदा फिरवला, मग जिन्यासारखी भिंत बघून विचारलं, खेळातला आहे का नकाशा? मी हो म्हटलं. तो म्हणाला, चालेल, मापं आहेत ना खाली. कप्पे त्याला आवडले. मग त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि बाबांपुढे धरली. "काका, तुम्हीच काढलंय, तर जमिनीवर पहिल्या फळीची जागा तुम्हीच आखून द्या. नंतर माझ्या नावाने ओरड नको."

बाबांनी हात पुढे केला. पेन्सिलीपर्यंत नेला आणि मागे घेतला. सुताराने तो हात पाहिला. पेन्सिलीने मापाप्रमाणे जमिनीवर दोन खुणा केल्या, ती कानावर परत ठेवली, थैलीत हात घातला आणि निळ्या भुकटीत घोळलेली दोरीची गुंडाळी काढली.

"एक टोक धरा काका. इथे, या खुणेवर. ताई, तुम्ही तिकडचं धरा. मधे मी ओढून सोडतो, खाली सरळ उमटेल."

बाबा भिंतीशी उकिडवे बसले. दोरीचं टोक त्यांनी जमिनीवरच्या खुणेवर ठेवलं आणि वर अंगठा दाबला. मी समोरच्या खुणेशी बसले. मधे दोरी ताणली गेली. माझ्या समोर, दोरीच्या दुसऱ्या टोकाला, बाबांचं डोकं खाली झुकलेलं होतं आणि ते एक डोळा मिटून दोरीच्या बाजूने माझ्याकडे बघत होते. किती वर्षांनी त्यांना असं बघताना मी पाहत होते. मला पुढचं काही दिसेना.

सुतार मधे वाकला, दोरी चिमटीत धरली आणि थांबला. दोरी हलत होती. त्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, तुमच्याकडचं टोक हलतंय."

मी बाहीने डोळे पुसले. बाबा आपल्या टोकावरून हलले नाहीत.

"दोन्ही अंगठे लाव," ते म्हणाले. "सावकाश. मी धरलंय इकडे."